पंपाच्या डोक्यावरचा गोळा

५ जाने.
नांदुऱ्याले जाऊन आलो, हमीदचाचाकडं. हायवे सरकला अन् चाचाचा पेट्रोल पंप बंद पडला, पण म्हातारा-म्हातारी अजून तिथंच, मागच्या दोन खोल्यांत. समोर हातानं फिरवायचं जुनं मशीन. मशीनच्या डोक्यावर पांढऱ्या काचेचा गोळा, लाल अक्षरांचा. आत दिवा लागायचा. इतका धड गोळा मी दुसरा पाह्यला नाही. अकरा वर्षं झाली, जीव अडकला आहे त्याच्यात.
म्हणूनच त्याले भंगार म्हणतो. आवडलेल्या वस्तूले मालकासमोर नावं ठेवायची, हा जुन्या वस्तू जमवणाऱ्याचा पहिला धडा. आज म्हटलं, "चाचा, हा गोळा कोणाच्या टाळक्यात पडंल एखाद दिवशी. काही कामाचा नाही, उतरवून टाका." चाचा म्हणे, "हाव." उतरला की अर्धं काम झालं.

१२ जाने.
मलकापूर. तिथल्या एकानं 'संग्रह' पाहाले बोलावलं होतं. ऑइलचे जुने डबे ॲसिडनं घासून वर ऑइलपेंट मारला. लग्नातल्या कलवऱ्यांसारखे रांगेत उभे. "नव्यासारखे झाले ना सर?" नवंच पाह्यजे तर दुकानात जा ना बे. चहा न पिता निघालो.

१९ जाने.
चाचाकडं. मशीनचं डोकं बोडकं! गोळा उतरवला. पण ठेवला कुठं? शेडमध्ये नजर फिरवली, टायरांमागं पाह्यलं. नाही. विचारताही येत नाही. जो भंगाराची चौकशी करते तो पकडला जाते. दोन कप चहा पिऊन परत.
सौ. म्हणते, "सरळ मागून काऊन घेत नाही?" चाळीस वर्षं माझ्यासोबत काढली, तरी तिले यातलं काही कळत नाही.

२ फेब्रु.
चाचाकडं पुण्याचा एक पाहुणा. मोज्याबिगर बूट, गळ्यात कॅमेरा. कॅफे काढून राह्यला, दारात मशीन ठेवणार, त्यात मनीप्लांट लावणार. हँडल कोणत्या बाजूनं फिरते हेही ठाऊक नाही. अन् चाचासमोरच म्हणे, "काका, किती सुंदर आहे हो हे! मला द्याल का?"
असं कोणी मालकाच्या तोंडावर बोलते का? अडाणी. मले हसू आवरेना.
चाचानं उठून त्याले हँडल फिरवून दाखवलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. मी दुसरीकडं पाह्यलं.

९ फेब्रु.
मशीन गेलं. ओट्यावर नुसते चार बोल्ट. चाचा म्हणे, "त्यानं मांगितलं, म्या देल्लं." इतकंच.
जेवाले बसवलं. चाची लोणचं काढाले कोपऱ्यात वाकली, अन् मले दिसलं. चुंबळीवर पांढरा गोळा. उलटा. लाल अक्षरं खाली डोकं वर पाय. तोंडाले फडकं बांधलेलं, आत लिंबाचं लोणचं.
चाची म्हणे, "तुमीच सांगतलं ना, कामाचा नाही म्हणून. म्या धुऊन घेतला. बरणी चांगली झाली."
"पुण्यावाल्यानं नाही मागितला?"
"त्याले दाखवलाच नाही," चाचा म्हणे. मग माझ्याकडं पाहत राह्यला. "मास्तर, भंगार पाहाले माणूस अकरा साल येते का?"
मी भाकरी चावत राह्यलो.
"त्या पोट्ट्यानं एका दिवसात सांगतलं, काय पाह्यजे ते. तुमी बी सांगा कवा तरी. गोळा इथंच हाये."

१० फेब्रु.
झोप नाही. मनीप्लांटवाल्याले शिव्या घालून पाह्यल्या, जमेना. म्हणजे म्हाताऱ्याले सारं ठाऊक होतं. अकरा वर्षं माझं नाटक पाहत, वर मले चहा पाजत...

१६ फेब्रु.
वाक्य पाठ करून गेलो. "चाचा, मी खोटं बोलत होतो. मले तो गोळा पाह्यजे." एसटीत तीनदा मनात म्हटलं. पस्तीस वर्षं वर्गात ओरडलेला माणूस, एवढं वाक्य काय जड?
चहा झाला. चाचा वाट पाहत होता. चाचीनं गोळ्यातलं लोणचं बशीत आणून ठेवलं. चाखलं. तोंड उघडलं मी.
"चाची, मीठ अंमळ जास्तच पडलं."
चाचा इतका हसला की ठसका लागला. चाचीनं पाणी देल्लं त्याले. निघताना मले वाटीभर लोणचं बांधून देल्लं.
घरी सौ.नं चाखलं. म्हणे, मीठ बरोबर आहे.
वाटी परत द्यायची आहे. रविवारी.