निघाल्याची वेळ

सोमवार
आजपासून नवी नोकरी! घरोघरी जाऊन आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या बायकांची ही संस्था. त्यांना सगळे मावशीच म्हणतात. कोणती मावशी कुठल्या घरी, ते एका सामायिक शीटमध्ये असतं. पोहोचल्यावर वेळ भरायची, निघताना भरायची. घोळ एकच. ऑफिसच्या कंप्युटरवर शीट उघडते, मावशींच्या मोबाइलवर नाही. ती उघडून देणं हे माझं पहिलं काम. आधीच्या बाईंनी हात टेकले, आता तुम्ही टेका, असं एक हसरी मावशी म्हणाली आणि सगळ्या खो खो हसल्या.

तीच आजपासून दुपारी माझ्या आईकडे येऊ लागली. अर्धांगाचा झटका आल्यापासून आईची वाचा गेली. काही हवं असलं की ती पलंगाच्या कठड्यावर चमचा वाजवते. मावशीने दुसरा चमचा घेऊन तिला साथ दिली, तशी आई कितीतरी दिवसांनी हसली.

बुधवार
अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, मोबाइलमधली जागा मोकळी केली, परवानग्या तपासल्या. गोल फिरणारं चक्र काही थांबेना. शेवटी सापडलं: फाइलला पासवर्ड आहे, आणि पासवर्डवाली फाइल आमचं अ‍ॅप उघडतच नाही. वर कितीतरी ओळी लपवलेल्या. हिशेबनीस काका म्हणाले, पेशंट गेला की इथे ओळ पुसत नाहीत, राखाडी करून झाकतात. पुसणं जिवावर येतं. पासवर्डचं हे कुलूप आधीच्या बाईंचं. जाताना एवढंच म्हणाल्या होत्या, काढू नका.

गुरुवार
काढलं. फाइल हलकी व्हावी म्हणून रंगही साफ केले, झाकलेल्या ओळी उघड्या केल्या. त्या सावकाश वेगळ्या काढीन. शीट सगळ्यांच्या मोबाइलवर झटकन उघडली. मावशींनी टाळ्या वाजवल्या. मीही जरा फुशारले.

शुक्रवार
हसरी मावशी शीट बघून सकाळी एका नव्या घरी जाऊन आली. आजोबा फार गोड, म्हणाली, पण हात बर्फासारखे. हात सोडेचनात. एकदाचं कुणीतरी आलं, म्हणत होते. उद्याही बोलावलंय. पत्ता ऐकून काकांचा चेहरा उतरला. त्या आजोबांच्या अंत्ययात्रेला ते स्वतः गेले होते.
घर चुकलं असेल, मी म्हटलं. ओळी वेगळ्या काढायचं मात्र राहूनच गेलं.

शनिवार
हसऱ्या मावशीने त्या घरी ‘पोहोचले’ भरलं. ‘निघाले’ रिकामं. फोन बंद. तिची सून म्हणाली, सासूबाई घरी आल्याच नाहीत. काका त्या पत्त्यावर जाऊन आले. दाराला कुलूप, कुलपाला गंज.
आईजवळ शेजारच्या काकू बसल्या. आई दाराकडे बघत चमचा वाजवत राहिली.

सोमवार
आणखी तीन मावशी. सगळी झाकलेलीच घरं. पोहोचले, पोहोचले, पोहोचले. निघाल्याची वेळ कुणाचीच नाही.
पासवर्ड परत घातला. ओळी झाकल्या. आता शीट कुणाच्याही मोबाइलवर उघडत नाही. माझ्याही मोबाइलवर पाहिलं.
तरी वेळा भरल्या जातायत. कुठून—

मंगळवार
आईच्या ओळीत ‘पोहोचले’. हसऱ्या मावशीच्या नावाने. मी तिला लावलंच नव्हतं.
काकूंना फोन केला. म्हणाल्या, आली की तुमची मावशी, म्हणून तर मी घरी आले. नेहमीसारखी हसत होती. हात तेवढे गार—

बसमध्ये लिहितेय. घरून फोन आला.
आई. आई बोलली. स्पष्ट, पूर्वीसारखी. किती उशीर गं चिमणे, म्हणाली, ये लवकर.
चमच्याचा आवाज नव्हता.
या हाकेसाठी मी किती—

दाराशी आलेय. दार उघडंच आहे. मोबाइलवर शीट उघडली आहे, मी हात न लावता. आईची ओळ राखाडी. मी नाही केली. मी नाही—
खाली नवी ओळ. माझं नाव. ‘पोहोचले’.
पण मी अजून उंबऱ्याबाहेर—
आई परत हाक मारतेय. आत जाऊ नये, कळतंय मला. पण आवाज तिचाच आहे, अगदी तिचाच, आणि मी एकदाच फक्त—