पाव्हणीबाईचा शब्द

युसूफ वडगाव,
मंगळवार, दुपार

प्रिय द्वारके,

परवा केजच्या स्टँडावर तू खिडकीची काच ओढून घेतलीस आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. मी मात्र येडपटासारखी हात हलवत उभी. शेवटी शेंगदाणेवाला म्हणाला, "आजी, गेली की गाडी!" तू माझं नाव टाकलं असशील, तरी एवढं पत्र वाच. घाईत लिहिते आहे, अक्षर कोंबडीच्या पायाचं आलं तर चालवून घे. माझी शाळा चौथीतच सुटली, बाकीचं वाचायला-लिहायला मी दूधसंस्थेच्या पावत्यांवर शिकले, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तुला माझं गाव दाखवायची किती हौस होती मला! चिपळूण डेपोत असलेल्या इकडच्या कंडक्टरशी लग्न करून मी त्यांच्या मागं इकडं आले, ते गेले तरी मी राहिले. तू आलीस तीही पाऊस पाठ फिरवून गेलेल्या साली, दिवाळीनंतर. "मंजे, इथं हिरवं काय असतं गो?" म्हणालीस, तर मी तुझ्या पातळाकडं बोट दाखवलं. जीपमध्ये सगळे हसले, तूही हसलीस. नांदूरघाटच्या बाजारात सीताफळं घेतली. "आमच्या हापूसची सर नाही," असं म्हणत म्हणत अख्खी पाटी संपवलीस. पण कोरड्या नदीत बाया झिऱ्यातलं पाणी वाटीनं घागरीत भरताना तू बघितल्यास, आणि त्या दिवसापासून हात धुताना तांब्या असा धरायचीस, जसं कुणी तान्हं लेकरू हातात दिलंय. मला वाटलं, जमलं. द्वारकेला माझं गाव कळलं.

तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला मिरवायचं होतं ना! तुला सकाळच्या दुधाला संस्थेत नेलं. बायांची संस्था, मी चेअरमन. दुष्काळात एकटीला कडबा परवडत नाही म्हणून आम्ही मिळून घेतो, त्यावर निम्म्या गावची जनावरं तगतात. यातलं मोठं दूध बन्सी मुकादमाच्या गोठ्यातलं. ते थांबलं तर आमची टाकी अर्धी राहते, आणि अर्ध्या टाकीसाठी डेअरीची गाडी इतक्या आत येत नाही. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तरी तू थांबली असतीस असं नाही म्हणा.

भामाबाई किटली ओतता ओतता म्हणाली, "मालनबाईच्या घरी कोयता जुळला. बुधवारी हळद." आणि तू, नारळाच्या गावची, कौतुकानं विचारलंस, "धार बरी आहे का?" बाया हसून हसून वाकल्या. तू आणखी पुढं, "मूठ घट्ट बसली का बघून घ्या हो, नवा कोयता हातातून सुटतो." भामाबाईनं पदर तोंडात कोंबला, "बया, ह्यो सुटला तर मुकादम धरून आनतो की!" एकटी सोजर हसली नाही. मालनबाईची पोर, आजीचं नाव ठेवलेली, रिकामी किटली छातीशी धरून उभी होती. तुझी नजर तिच्यावर गेली आणि तुझं हसणं थांबलं.

घरी येताना तू खोदून खोदून विचारलंस तेव्हा मी सांगितलं. इकडं ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला टोळीत कुणी विचारत नाही. बन्सी ऊसतोडीचा मुकादम, त्याच्या टोळीतला उत्तरेश्वर असा अर्धा. सोजर नववी झालेली, नुकतं सोळावं लागलेलं. हळद लागली, अक्षता पडल्या की कोयता पुरा, आणि गुरुवारी ट्रॅक्टर कारखान्याच्या वाटेला. तू वाटेतच उभी राहिलीस. "आणि तू ह्यांची चेअरमन?" म्हणालीस. मी म्हटलं, जरा दमानं घेऊ, एकेकाशी बोलावं लागतं. तक्रार केली तर लग्न गावात थांबेल आणि कारखान्याच्या फाटकाशी लागेल, तसं झालेलं आहे. तू ऐकलंस, पण तुझ्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. विहिरीवर भांडायच्या आधी व्हायचा तसाच.

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत तू मालनबाईच्या अंगणात. मी धावत आले तर बन्सी बाजेवर बसून बशीनं चहा पीत होता, शहादेव, सोजरचा बाप, जमिनीकडं बघत होता, आणि तुझा आवाज गल्लीत ऐकू येत होता.

"पोरीचं वय काय?"

"पाव्हणीबाई, आदी च्या घ्या."

"चहा राहू दे. वय सांगा."

बन्सीनं बशी खाली ठेवली. "तुमच्या कोकणात लई पाऊस पडतो, तवा गोष्टी सुचतेत. हितं समदं गाव कुलूप लावून जातंय. आईबाप उसाच्या फडात गेल्यावर ही तरनी पोर कुनाच्या भरवशावर ठिवायची? तुमी ठिवता का?"

"ठेवते! पाठवा माझ्याकडं!"

शहादेव सोडला तर जमलेले सगळे हसले. बन्सी माझ्याकडं वळून म्हणाला, "चेअरमनबाई, पाव्हणीला आवरा. आमचं दूध काय, दुसऱ्या डेअरीतबी जातंय." मी तुझा दंड धरून तुला बाहेर आणलं. तू हात झटकलास. "तू इथलीच झालीस, मंजे," म्हणालीस, आणि घरी येऊन पिशवी भरायला लागलीस. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मला आनंद झाला असता. तुझ्या तोंडून ती शिवी वाटली.

आता आज सकाळचं सांगते. सगळ्या बाया दूध घालून गेल्या तरी मालनबाई जाईना. धुतलेलीच किटली पुन्हा पुन्हा पुसत होती. मग एकदम म्हणाली, "तुमची मैतरीन परवा बोलली, ते रागात बोलली का खरं?"

मी म्हटलं, "ती खरं बोलते तेव्हा रागातच असते."

"लई रागीट हाय?"

"लई."

"मंग बरं हाय," ती म्हणाली. "गरीब गाईवानी बाई असती तर मी पोरगी धाडली नसती. रागीट बाईच्या दारातून वढून न्यायची कुनाची छाती हाय?" आणि मग तोंडाला पदर लावून तिथंच कॅनच्या ओळीत खाली बसली. शहादेवला ती आज सांजच्याला, पोर तालुक्याबाहेर गेल्यावर सांगणार आहे. तो अंगणात तुझ्यापुढं हसला नव्हता, तेवढ्याच आशेवर. ती दोघं ऊस तोडायला जातीलच, त्याला इलाज नाही. उत्तरेश्वरवर माझा राग नाही, त्यालाही कुणी विचारलेलं नव्हतं. उद्या बन्सीचं दूध येणार नाही. भामाबाईला सांगितलं तेव्हा ती आधी मला चार शब्द बोलली, मग म्हणाली, टाकी भरायला आजूबाजूच्या वस्त्या पालथ्या घालू. भरते की नाही, ते बघू. मला भीती वाटते आहे, द्वारके. तुझ्यापाशी काय लपवायचं?

तेव्हा हे पत्र तुला पोस्टमननं दिलेलं नाही. ज्या पोरीनं दिलं ती सोजर आहे, आणि तू वाचेपर्यंत ती दारातच उभी असेल, बस म्हटल्याशिवाय ती बसत नाही. सोबतची जानकीबाई आमच्या संस्थेची सचिव. गावाला सांगितलंय की ती संस्थेच्या कामाला पुण्याला गेली, तिला जेवू घालून परतीच्या गाडीला बसव. पोरीची शाळा बघ, तिला गणित आवडतं. बाप आला तर घरात घे, बोल त्याच्याशी. दुसरं कुणी आलं तर अंगणात काढलास तोच आवाज काढ. तुला विचारायला वेळ नव्हता, तू "ठेवते" म्हणाली होतीस एवढ्यावर एका आईनं लेक धाडली आहे. आता पत्र ठेव, आणि तिला आत घे.

तुझ्या रागाच्या जिवावर उठाठेव करणारी,
तुझीच
मंजुळा