गेटवरचा गुलाबी अध्यक्ष

मुलुंड पूर्व,
४ जानेवारी

ती. सोनूआत्यास,
दर्शनाचा सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि निम्मं तू भलतंच ऐकतेस, म्हणून हे पत्र.

आमच्या सोसायटीत सध्या जुंपली आहे. शेजारच्या कुंदाताईंना एक खोली भाड्याने द्यायची आहे. केनियाहून शिकायला आलेली वांजिकू नावाची मुलगी खोली बघून गेली. काय देखणी आहे गं! काळीभोर, ताठ मानेची, अंगात पिवळाधमक झगा. जिन्यातल्या बायका बोलायच्या थांबल्या. पण आमचे अध्यक्ष सहदेवकाका म्हणाले, असली माणसं आली की बिल्डिंगची शोभा जाते. आणि स्वतः तव्यासारखे आहेत, बरं का!

माझं डोकंच फिरलं. सव्वीस जानेवारीच्या सभेत आधी या खोलीवर मतदान आहे, मग अध्यक्षाची निवडणूक. तर मीही काकांसमोर उभी राहिले. त्यांनी गेटवर उमेदवारांचा, म्हणजे आम्हा दोघांचा, नाव-हुद्द्यासकट फ्लेक्स लावलाय. फ्लेक्सवाल्याने सवयीप्रमाणे दोघांना गोरं करून टाकलं. काका गुलाबी, मी दह्यात बुडवून काढलेली. माझी लेक ऋता खाली उभी राहून विचारते, ही मावशी कोण? फोटो सोबत पाठवते. हसू नकोस.

माया आटू देऊ नकोस.
तुझी दर्शना

मेहकर,
११ जानेवारी

चि. दर्शीले,
सोनूआत्याचा जयभीम आन् लय लय आशीर्वाद. फोटो पाह्यला. मले वाटलं, तुह्या नवऱ्यानं, सुबोधनं, दुसरी बायको केली का काय! मंग खाली तुहं नाव दिसलं.

फ्लेक्स काढू नोको. खोटं तोंड लटकू दे तसंच, लोकायले डोळे आहेत. पण एक ध्यानात ठेवजो. आपल्या माणसायले किती दारांवरून वापस लावलं, ते म्या सोसलं आहे. तुहं अध्यक्षपद गेलं तं जाऊ दे चुलीत, त्या पोरीची खोली जाऊ देऊ नोको.

जेवत जा वेळेवर, लय वाळली दिसते. का तेही फ्लेक्सवाल्यानंच केलं?
तुही आत्या

मुलुंड पूर्व,
२७ जानेवारी

ती. आत्यास,
जयभीम. काल जे झालं ते बघायला तू हवी होतीस!

सभेसाठी काकांनी फोनवरून एक दिवसाचा वॉचमन ठेवला. वांजिकू शिरू नये म्हणून त्याला फोनवरच बजावलं की अनोळखी काळं तोंड दिसलं तर सोडायचं नाही. मग तो यायच्या आतच स्वतः झेंड्यासाठी फुलं आणायला गेले. परत आले, तर वॉचमनने त्यांनाच अडवलं. काका ओरडले, मी अध्यक्ष आहे. त्याने फ्लेक्स दाखवला आणि सांगितलं, अध्यक्ष तर गोरे आहेत. मी आतल्या बाजूला उभी होते. त्याने मला विचारलं. मी खरं तेच सांगितलं, फोटोशी जुळत नाहीत बुवा.

थोडी मजा घेतली, खोटं कशाला बोलू? पण येणारेजाणारे बघायला लागले आणि काकांचा चेहरा पडला, तेव्हा मलाच कसंतरी झालं. त्यांना बाहेर ठेवून कसली गं निवडणूक? मीच त्यांना आत घेतलं. तेवढ्यात त्यांच्या सुलक्षणाकाकू गॅलरीतून ओरडल्या की तो आमचाच आहे, हाच चेहरा बघून मी लग्नाला हो म्हटलं होतं, तो गुलाबी बाप्या उतरवा आधी! अख्खी बिल्डिंग हसली. काका लाजले, आणि शप्पथ सांगते, फ्लेक्सवरच्यापेक्षा झकास दिसले.

सभेत खोलीचा विषय निघाला. काका उठून उभे राहिले. मग म्हणाले, स्वतःच्या दारात अडवून उभं केलं की जीव नकोसा होतो, मला नव्हतं ठाऊक. आणि पहिला हात त्यांनीच वर केला. मागोमाग सगळ्यांचे. वांजिकू रविवारी राहायला येतेय.

त्या एका हाताने काका लोकांना इतके आवडले की निवडणुकीत माझी वाट लागली. कुंदाताईंनीसुद्धा मत त्यांनाच दिलं, यार!

हरलेल्या भाचीवर लोभ असू दे.
दर्शना

मेहकर,
३ फेब्रुवारी

चि. दर्शीले,
जयभीम. पत्र वाचून पहिले हसली, मंग रडूच आलं. पोरीले दार भेटलं, माह्या जीवाले बरं वाटलं. तिले माहा जयभीम सांगजो.

तू हारली म्हणून तोंड पाडू नोको. हात वर केला म्हणून सहदेवले शाबासकी दे, आन् पाच वर्सं त्याच्यावर डोळा ठेव. पुढच्या खेपेले पुन्हा उभी राह्य. मी जिती असली तं मुलुंडात येऊन तुह्यासाठी दारोदार फिरीन. पहिलं दार त्या कुंदीचं.

तुही आत्या