पाठमोरी सीट

सोमवार, ३ मार्च

आज नव्या घरात आलो. टेम्पोतून सगळं सामान उतरलं आणि एक कपसुद्धा फुटला नाही, त्यामुळे मला उलट धाकधूकच वाटत राहिली. घर छोटं आहे, पण हवेशीर. लेकीचं घर बसने दोन थांब्यांवर. रोज कामावरून परतताना डोकावीन म्हणाली. ही वहीही तिनेच दिली. म्हणाली, बाबा, जी काळजी वाटेल ती यात लिहा, माझं डोकं खाण्यापेक्षा वहीचं खा. माझं शिक्षण सातवीपर्यंत, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तरी लिहितो.

हिला, म्हणजे बायकोला, घर आवडलं. फक्त दोनदा विचारलं की आपण कोणाकडे आलोय. दुसऱ्यांदा मी म्हटलं, आपल्याकडेच आलोय, तुम्ही बसा, चहा घ्या. तेव्हा खुदकन हसली.

आणि मागच्या शेडमध्ये चक्क एक जुनी स्टेशन वॅगन उभी आहे. लांबलचक, फिकट निळी, तोंड शेडच्या दाराकडे आणि मागची काच जवळपास भिंतीला टेकलेली. घरमालकीण म्हणाली, सासऱ्यांची गाडी, सासूबाई गेल्या महिन्यात वारल्या, आता भंगारात देणार. तुम्हाला हवी तर घ्या, माझी शेड मोकळी होईल. मी आयुष्यभर बसच्या बॉड्या बांधल्या. पत्रा बोटाने वाजवून पाहिला. वरून गंज, आतून ठणठणीत. फार दिवसांनी हाताला खाज सुटली.

गुरुवार, ६ मार्च

सगळं ठरवून टाकलं. हिला समुद्र बघायचाय, तरुणपणापासून म्हणते आहे आणि मी पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत आलो. डॉक्टर म्हणतात विसरणं वाढत जाणार. तेव्हा ही मला ओळखते आहे तोवर हिला समुद्रावर न्यायचं. बसचा प्रवास हिला सोसत नाही, गुडघे वाकत नाहीत. म्हणून गाडीच हिच्या मापाची करायची. मधली सीट काढून तिथे आडवं पडायला गादी. दाराशी लाकडी पायरी, ती घडी होऊन आत गेली पाहिजे. चढताना धरायला बसमध्ये असतो तसा दांडा, पण हिच्या खांद्याच्या उंचीवर. औषधांची पिशवी अडकवायला हूक. खिडक्यांना पडदे, पण पडद्याची दोरी गळ्यात अडकली तर, म्हणून दोरी नको, स्प्रिंग लावावी.

सगळ्यात मागे, डिकीच्या जागेत, एक विचित्र सीट आहे. तिचं तोंड मागच्या काचेकडे. ती सीट कंपनीची नाही. कोणीतरी लोखंडी अँगल कापून थेट फरशीला वेल्डिंग मारलंय, हत्ती बसला तरी हलणार नाही असं, पण ओबडधोबड. माणसाला असं पाठमोरं बसवलं तर चक्कर येणारच. घरमालकिणीला विचारलं. म्हणाली, सासऱ्यांनीच बसवली. एकदा थोरल्या भावाला घेऊन लांबच्या गावाला गेले होते, परत आले ते एकटेच, आणि आल्या आल्या हे काम काढलं. मग रोज जाऊन तिथे बसायचे. ते गेल्यावर सासूबाई बसायला लागल्या, दुपारचा चहासुद्धा तिथेच. आम्ही विचारायचो, सासूबाई, तुमची गाडी सुटते किती वाजता. हे सांगताना ती हसली, मीही हसलो.

ती सीट काढायची किंवा सरळ करायची. कामाच्या यादीत टाकली.

सोमवार, १० मार्च

कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. कुठलंही काम सांगा, उद्या करतो म्हणतो, म्हणून सगळे त्याला उद्या म्हणतात. लेकीला फोनवर सांगितलं की उद्या आज आला, तर ती म्हणाली, बाबा, औषध घेतलंत का. उद्या इंजिनात डोकं घालून म्हणाला, आजोबा, हे तुमच्यासारखंच आहे, खोकतं पण थांबत नाही. नवी बॅटरी लावल्यावर खरंच सुरू झालं. हिने टाळ्या वाजवल्या. चाकं मात्र तो काढून घेऊन गेला, टायर चिरलेत म्हणून. गाडी ठोकळ्यांवर ठेवली. ठोकळे मी तीनदा तपासले.

पायरी आणि दांडा झाला. हिला हात देऊन चढवलं. मला वाटलं गादीवर बसेल, पण ही वाकून थेट मागे गेली आणि त्या पाठमोऱ्या सीटवर जाऊन बसली. काचेपलीकडे वीतभर अंतरावर भिंत. म्हटलं, काय बघताय. म्हणाली, रस्ता छान आहे, त्या वळणावर कोणीतरी येतंय.

डॉक्टरांनी सांगितलंय, खोडून काढायचं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

ही रोज दुपारी तिथेच बसते. मी बाहेर पत्रा घासतो. खरं सांगायचं तर हिची तब्येत सुधारली आहे. चेहऱ्यावर पूर्वीसारखी तरतरी आली आहे. आज मला म्हणाली, अहो, पॉलिश पेपर ओला करून घासा, नाहीतर ओरखडे उठतील. बरोबरच होतं. लग्नानंतर मीच शिकवलं होतं हिला.

रस्त्याबद्दल बोलते. म्हणते, तो माणूस हळू चालतो. मी बघत बसले की थांबतो, आणि मग एकेक पाऊल मागे मागे जातो. परवा वळणाच्या अलीकडे होता, आज वळणापलीकडच्या झाडापाशी परत धाडला त्याला. हे हिने असं सांगितलं, जसं आपण सांगतो की आज एवढे कपडे धुऊन झाले.

लेकीला हे आवडलं नाही. म्हणाली, आई दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसते आणि तुम्ही बसू देता, बाबा. ती सीट आधी काढा. मी म्हटलं, यादीत आहे.

मंगळवार, १८ मार्च

शनिवारपासून हिला ताप होता. अंथरुणातून उठू दिलं नाही. सारखी म्हणत होती, मला गाडीत नेऊन बसवा, तिकडे कोणी बघत नाहीये. मी खिडक्या बंद केल्या, गॅस बघितला, पुन्हा खिडक्या बघितल्या. मला वाटलं तापातली बडबड.

आज ताप उतरल्यावर बसवलं. ही बघितल्या बघितल्या काचेकडे सरकून बसली. मग म्हणाली, फार जवळ आलाय, आता मला बोलायला लावू नका. माझा हात घट्ट धरून ठेवला. डोळ्यांतून पाणी येईतो पापणी हलवली नाही.

हिला पाणी आणून दिलं, ही प्यायली आणि अंग टेकायला गाडीतल्या गादीवर आडवी झाली. मग मी त्या सीटवर बसलो. भर दुपार होती. आधी भिंतच दिसली, चुन्याचे पोपडे, कोळ्याचं जाळं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नजर पटकन बसत नाही. मग भिंत लांब गेली. मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना वाळकं गवत. आणि रस्त्याच्या मधोमध एक माणूस, हात लोंबते, एक पाय पुढे टाकलेला. चेहरा दिसला नाही, कारण मान खाली होती. पण बूट दिसले. इतक्या जवळून.

मी उतरलो ते कसा उतरलो माहीत नाही. पायरीवर नडगी फुटली.

शुक्रवार, २१ मार्च

सीट कापली. ग्राइंडर उद्याकडून आणला. चारही पाय फरशीपासून कापून सीट फिरवली, हातभर पुढे घेतली आणि समोर तोंड करून बोल्टने बसवली. मागे बॅग ठेवण्यापुरती जागा राहिली. काम सुबक झालंय. जे दिसतं ते बघायलाच नको, म्हणजे संपलं, असा विचार केला. लेक खूश आहे. म्हणाली, आता कशी गाडी गाडीसारखी दिसते.

ही सीटवर बसली. बराच वेळ मागे वळायचा प्रयत्न करत राहिली, पण हिची मान वळत नाही. म्हणून मी पुढे एक छोटा आरसा लावून दिला, मागची काच दिसेल असा. ही त्यात बघून म्हणाली, यात नुसती भिंत आहे. मी म्हटलं, भिंतच आहे.

मग हिने माझ्याकडे जसं बघितलं तसं लग्नापासून आजवर कधी बघितलं नव्हतं. म्हणाली, मी त्याला थांबवून धरलं होतं, अहो. तुम्ही काय केलंत.

रविवार, २३ मार्च

गाडीची मागची बाजू दबली आहे.

आधी वाटलं ठोकळा खचला. खाली सरपटून बघितलं. ठोकळे जागच्या जागी. मागच्या चाकांच्या कमानीचे पाटे सपाट झालेत, बॉडी खाली टेकल्यासारखी. बसमध्ये मागे माणसं खच्चून भरली की होतात तसे. गाडीत कोणी नव्हतं. डिकीच्या जागेत हात घालून चाचपलं. काही नाही. पण पत्रा गार होता, आणि फरशीवर माती. ओली नाही, रस्त्याची धूळ.

ही आज घरात आहे. दारं लावून घेतली. ही विचारते, समुद्रावर कधी जायचं. पुन्हा विचारते, तुम्ही कोण.

दोन्ही एकाच दुपारी.

सोमवार, २४ मार्च

उद्या आला नाही. वेल्डिंगचं मशीन घेऊन बाहेरगावी गेलाय म्हणे. त्याच्या दुकानातल्याने सांगितलं, आठवडा लागेल. मी बोल्टने सीट पुन्हा पाठमोरी बसवायला गेलो. पाय आखूड कापले गेलेत, भोकं जुळत नाहीत. पाना दोनदा पायावर पडला.

घरात, हिच्या पाठीमागे, धूळ दिसते. ही जिथे जाऊन बसते तिथे. जमिनीवर, हातभर मागे.

पुसली. परत—

लेकीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, दोघं डोळे मिटून पडा जरा, आज यायला जमणार नाही, मी उद्या संध्याकाळी आले की बोलू. डोळे मिटून—

मंगळवार, २५ मार्च

खाली न बघता लिहितोय. ओळी वरखाली होतील. बाळ, तू वाच.

सकाळी ही कुठे दिसेना. शेडमध्ये सापडली. आपली आपण पायरी चढून सीटवर बसली होती, समोर तोंड करून, हात मांडीवर. म्हणाली, निघायचं ना, हा मागचा माणूस कधीचा बसलाय. हिला उचलायला गेलो तर उचलली जाईना. मी धरतोय पुढून आणि मागून कोणी—

म्हणून मी सीटच्या मागे शिरलो. बॅगेच्या जागेत. गुडघे छातीशी घेऊन, तोंड काचेकडे, खिशातली वही गुडघ्यावर.

काचेबाहेर नाही. आत आहे. माझ्या समोर.

बघतोय म्हणून थांबलंय. मागे मात्र सरकत नाही. ही बघत होती तेव्हा सरकत होतं, माझ्याकडून सरकत नाही. इतक्या जवळ आल्यावर बहुतेक सरकत नसावं. पापणी लवली की मान थोडी वर येते. एवढंच. अजून चेहरा—

हिचा श्वास ऐकू येतोय माझ्या पाठीमागे. झोपली आहे. बरी आहे.

बाळ, आलीस की पुढच्या दाराने ये. आईला पुढून काढ. माझ्या बाजूला येऊ नकोस, आत वाकून बघू नकोस, मला हाक मारू नकोस, मी वळून बघीन. आईला घे आणि जा. हिला समुद्रावर ने. बस चालेल, दोघी पुढच्या सीटवर बसा, मधे उतरत उतरत जा.

माझ्या जागी कोणाला बसवायचं नाही. घरमालकिणीला नाही, उद्याला नाही, तुला तर नाहीच. एकदा बसलं की—

डोळे जळतायत. एक मिटतो, एक उघडा ठेवतो. आलटून पालटून. चालतंय तोवर चालतंय.

मान वर आली आहे. चेहरा घरमालकिणीकडच्या फोटोतल्या सासऱ्यांसारखा असेल वाटलं होतं, त्यांचा भाऊ ना. तसा नाही. चेहऱ्यात डोळ्यांच्या जागी नुसती धूळ आहे आणि ती माझ्याकडे बघत नाही. माझ्या खांद्यावरून, मागे, हिच्या केसांकडे—

उजेड उतरलाय. शेडच्या दाराशी पावलं वाजली. तूच असशील. हाक मारू नकोस. बाळ, हाक—

बोटाला कागदाची कड लागली. पान संपलं. दुसऱ्या पानावर लिहायला खाली बघावं लाग