सोळाच्या जागी बारा

धामणवाडी, ता. मावळ
३ डिसेंबर २०२३

चि. अमृत यास, आक्काचे अ. उ. आशीर्वाद.

फोन केला की तुझा सेक्रेटरी उचलतो, साहेब मीटिंगमधी हायेत म्हणतो. मला काय संसदेतलं इचारायचं नसतं, जेवलास का एवढंच इचारायचं असतं. म्हणून हे पत्र. परवा टीव्हीवर दिसलास. आवाज लय बसलाय. भाषणं कमी कर, न्हाईतर काढा तरी घे.

आता बातमी. तुझा भाचा सरपंच झाल्यापासून पहिलं मोठं काम काढतोय. गावच्या पाण्याच्या टाकीला तुझं नाव द्यायचं निलेशनं ठरवलंय, सव्वीस जानेवारीला. निळा रंग मारूनबी झाला. तू खात्यात नवा इंजिनियर व्हतास तवाची ती टाकी, निलेशएवढीच, सत्तावीस वर्सांची. तिच्या आधी आमी नदीवरून हंडे आणायचो, हे आताच्या पोरींना सांगून पटत न्हाई. टाकीच्या सावलीत अंगणवाडी भरते. तू आलास की पोरं गाणं म्हणणार हायेत. तारीख मोकळी ठेव.

बहिणीची आठवण हाय तशी राहू दे, उत्तर धाड.

तुझी,
झुंबरआक्का

नवी दिल्ली
१४ डिसेंबर २०२३

ती. आक्कास, अमृतचा सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. टाकीला माझं नाव देऊ नका. आणि अंगणवाडी आजच तिथून हलवा.

हे सांगायला मला सत्तावीस वर्षं लागली. नकाशात खांबांना सोळा मिलिमीटरच्या सळ्या होत्या, ठेकेदारानं बाराच्या बांधल्या. मी दोन दिवस काम बंद ठेवलं. मग वरच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, की नव्या पोरानं इतकं ताणून धरू नये. एप्रिल चालू होता. तुला निलेशच्या वेळी सातवा महिना होता आणि हंडा आणताना तू नदीच्या वाटेवर पडली होतीस. मी सही केली. वर काँक्रीट ओतलं, की आतलं कुणाला दिसतंय?

अशा सह्या पुन्हा करायला नकोत म्हणून नोकरी सोडली. जिल्हा परिषद झाली, दोनदा लोकसभा झाली. आणि दरवेळी प्रचाराच्या पत्रकावर फोटो छापला तो त्याच टाकीचा. खाली ओळ असायची, इंजिनियर खासदार, बोलतो ते बांधतो. आक्का, मी थकलोय, पण भाषणांनी नाही.

मार्चमध्ये तिकिटं ठरतील. तोवर निलेशला एवढंच सांग, की दुरुस्तीसाठी टाकी रिकामी करायची आहे. बाकी कुठं बोलू नकोस.

रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
अमृत

धामणवाडी
२९ डिसेंबर २०२३

चि. अमृत यास आशीर्वाद.

अंगणवाडीच्या अनिताबाईंना मी तुझं पत्र आलं त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी कारण न इचारता पोरं मारुतीच्या देवळात नेली. निलेश दुरुस्तीचं इचारायला तालुक्याला गेला, तर तितला साहेब हसला. म्हणाला, खासदारांच्या हातची टाकी हाय, तिला काय धाड भरलीय? टाकी कच्ची हाय असा कागद आणा म्हणाला. कागद कुटनं आणायचा? इकडं बाया नळाला पाणी का न्हाई म्हणून भांडायला आल्या. निलेशनं टाकी परत भरायला घेतली.

मी वरच्या ठाकरवाडीत शिदूकडं गेले. तवा सळ्या बांधायला तोच व्हता. तो म्हणाला, व्हय, बारीक व्हत्या, आमाला तवाच कळलं. म्हणून आपल्या लेकीला, चिंगीला त्यानं त्या अंगणवाडीत कधी बसवली न्हाई. मी म्हणले, मग बोलला का न्हाईस? तर म्हणाला, कुणापाशी बोलू? इंजिनियरसाहेब तितंच तर उभे व्हते.

टाकीचं लवकर उरक, असं तवा तुला मीबी म्हणले व्हते. त्यातली माझी वाटणी मी घेते. पण माझ्या तोंडून खोटं वदवू नको. खरं काय ते तू लिहून दे, सहीनिशी.

रागावलेय. तरी थंडीत कानटोपी घाल.

आक्का

नवी दिल्ली
११ जानेवारी २०२४

ती. आक्कास सा. न.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांना सगळं लिहिलं, सळ्यांच्या मापासकट. प्रत पक्षाला दिली.

पक्षाच्या कार्यालयात तीन तास बसवून ठेवलं. वरिष्ठांनी अगदी मायेनं विचारलं, की हे दोन-चार महिन्यांनी लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं. मी म्हणालो, तिथं लहान मुलं बसतात. तिकीट आता दुसऱ्याला जाईल. प्रकृतीचं कारण सांगा असं सुचवलं होतं. मी पत्रकारांना खरं कारण सांगून आलो.

निलेशचा फोन आला होता. मामानं भर गावात आपली मान खाली घालायला लावली म्हणाला आणि ठेवला. त्याचं चुकलं नाही. तपासणीला लोक सोमवारी येतील. तोवर टाकीत पाणी चढू देऊ नकोस.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फक्त झोप लागते.

तुझ्या आशीर्वादाचा धनी,
अमृत

धामणवाडी
१९ मे २०२४

चि. अमृत यास, आक्काचे अनेक आशीर्वाद.

मंगळवारी टाकी पाडली. सगळा गाव बघायला व्हता. खांब फुटला तशा आतल्या सळ्या उघड्या पडल्या, गंजून हाताच्या करंगळीहून बारीक झालेल्या. मंग एकेक जण निघून गेला.

नवी टाकी कधी, ठाऊक न्हाई. टँकर एक दिवसाआड येतो, बाकी दिवस हिरीवर जावं लागतं. चिमाबाई माझ्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं म्हणते, पाणी व्हतं ते बरं व्हतं. तिची सूनबी आता पोटुशी हाय. निलेश घरात तुझं नाव काढत न्हाई, पण पाडायच्या आदल्या दिशी टाकीखाली उभा राहून लय येळ वर बघत व्हता. घरी आला आन मला म्हणाला, तितं मी रोज पोरांना खाऊ वाटायचो. मंग न जेवता झोपला.

जूनमधी दिल्लीतलं घर सोडून येतोयस म्हणून कळवलंस. पक्षाची मोटार परत गेली असंल, लोकलनं ये. मळवली स्टेशनावर हार घेऊन कुणी येणार न्हाई, ते मनात धरू नको. मी येईन. गुडघ्यांमुळं मला जिना चढायला उशीर व्हतो, तवा बाकड्यावर बसून ऱ्हा. एकटा पुढं निघू नको.

वाट बघणारी,
आक्का