एकही शब्द न गाळता

४ ऑगस्ट
चि. सौ. लेकीस आईचे अ. आ.
वि. वि. मी सांगते आणि तुझी लेक मिरची नाक ओढत लिहिते आहे. माझी पद्धत तुला ठाऊकच. एकीने लिहायचं, दुसरीने वाचून दाखवायचं, मगच पाकीट बंद. मला अक्षर येत नाही म्हणून काय कुणीही काहीही लिहावं? पण वाचायला येणारी तिची मैत्रीण घुमी सध्या फिरकत नाही. दोघींनी शाळेसाठी केलेला पुठ्ठ्याचा पूल तिच्या हातून पडून मोडला, आणि तो तिने मुद्दाम पाडला असं तुझ्या लेकीने वर्गभर सांगितलं. घुमीने तोंडच मिटलंय. बाई पंधरा ऑगस्टनंतर दोघींचे बाक वेगळे करणार आहेत. पहिलीपासूनची जोडी गं! पत्र न तपासताच धाडते.
जीव लावतेसच, तसाच लावत राहा.
तुझी आई

७ ऑगस्ट
ती. आईस सा. न. वि. वि.
वॉर्डात उभ्याउभ्याच पत्र वाचलं. रजा काढून येऊ का? आम्ही बहिणी भांडलो की तू आम्हाला एका खोलीत कोंडायचीस, तसलं काही करू नकोस हं. काय झालं ते मिरचीने मला स्वतः लिहावं.
माया आहे ती उणी होऊ देऊ नकोस.
तुझी लेक

११ ऑगस्ट
चि. सौ. लेकीस अ. आ.
वि. वि. रजा नको. मिरचीने रागारागाने पानभर लिहिलं. ते वाचायला मी घुमीलाच बोलावलं, कोंडलं मात्र नाही. ‘घुमी खोटारडी आहे, तिने मुद्दाम पाडला.’ पोरीने स्वतःवरचा आळ एकही शब्द न गाळता वाचला गं! गाळला असता तर मला काय कळणार होतं? पण लिहिणारी समोर होती, तिला कळत होतं. तिचा चेहरा उतरला. कागद काढून घेत म्हणाली, हे खरं नाही, मला पुलाचं वाईट वाटलं म्हणून मी तुला बोलले. मग तिने विचारलं, तुला काय वाटलं? घुमी रडली. हात घामेजला होता म्हणून पूल निसटला म्हणे, पण कोण विश्वास ठेवणार म्हणून गप्प राहिली.
मी भाषण तयार ठेवलं होतं, ते गिळलं. जन्मभर भांडले, पण समोरच्याला असं विचारायचं मला कधी सुचलं नाही.
काल मिरचीने वर्गात उभं राहून सगळं खरं सांगितलं. बाक एकच राहिला.
हे पत्र घुमी लिहिते आहे. स्वतःची स्तुती लिहायला लाजते, तिला दटावलंय. मिरची वाचायला टपून बसली आहे, पण आज राहू दे. पाकीट तसंच बंद करते.
आहे तो लोभ दोघींनाही वाटून दे.
तुझी आई