पहिली धार देवाची

१ सप्टेंबर. सकाळी ६.
आज दुकान सुरू. बावीस वर्षं मालकांच्या कारखान्यात पात्यांना धार लावली, आता स्वतःची पाटी. मालक म्हणाले, महिनाभर तुझी जागा रिकामी ठेवतो. त्यांचं मन राखायला हो म्हणालो.
हिशोब पक्का आहे. जागा, वीज, भाड्याचं मशीन मिळून रोजचा खर्च पाचशे चाळीस. सुरी असो वा कात्री, दर तीस. म्हणजे अठरा नग. दिवसाचं पहिलं काम देवाच्या नावानं फुकट, असा संकल्प. म्हणून एकोणीस. भिंतीवर आलेख लावला. लाल रेषा खर्चाची, निळी जमेची. पंधरा तारखेला भेटतील.

२ सप्टेंबर.
काल एकच गिऱ्हाईक. समोरच्या शिंपीणबाई, एक कात्री. म्हणजे देवाचं झालं, आता आपलं सुरू.
बायको म्हणाली, घरच्या सुरीनं टोमॅटो चेचतोय, तेवढी घेऊन जा. सांगितलं, घरचं काम प्रोजेक्शनमध्ये धरलेलं नाही.

६ सप्टेंबर.
रोज एकच. पण रोज आहे.

९ सप्टेंबर.
गर्दी! आठला शटर उघडलं तर पाच जण उभे. शिंपीणबाईंनी गल्लीभर सांगितलंय. जाहिरातीचा खर्च वाचला. पहिल्याचं काम केलं. दुसऱ्याला तीस सांगितले. म्हणाला, मग उद्या लवकर येतो. बाकीचे तिघंही त्याच्या मागे. उद्याच्या चार ऑर्डर पक्क्या.

१० सप्टेंबर.
चौघंही आले. पहिला कोण, यावरून जुंपली. सोडवण्यात तास गेला. एक काम झालं.

१४ सप्टेंबर.
खाणावळीचा आचारी पहाटेपासून पायरीवर. चौदा सुऱ्या. म्हटलं, फुकट एकच. तर म्हणतो, काका, देवाला पण नग मोजून देता का? चौदाही केल्या. हात भरून आला.

१५ सप्टेंबर.
निळी रेषा अजून जमिनीवरच. लाल रेषेला कागद पुरेना, वर दुसरा चिकटवला. नवी तारीख तीस. त्यासाठी रोज छत्तीस नग, देवाचा धरून सदतीस. मशीनची तेवढी क्षमता आहे.

२० सप्टेंबर.
बायको म्हणाली, अहो, रोज पहिलं काम माझ्या सुरीचं करा, फुकटची भानगड घरातच मिटेल. देवाच्या नावावर घरचा टोमॅटो? ही लबाडी झाली. ती म्हणाली, देव कुठे रांगेत उभा आहे? आचारीच आहे.


३० सप्टेंबर. सकाळी ८.
साडेसातला मालक स्वतः आले. न्यायला आले असणार म्हणून बाणेदार नकार तयार ठेवला. त्यांनी पिशवीतून दोन कात्र्या काढल्या आणि विचारलं, पहिला नंबर माझाच ना? करून दिल्या. धारेवर अंगठा फिरवून म्हणाले, हात तसाच आहे, उद्या आठला ये.
येतो म्हणालो. नकार राहूनच गेला.

१ ऑक्टोबर. संध्याकाळी.
मशीन काल परत गेलं. दुकानाचा आजचा खर्च शून्य, जमा शून्य. म्हणजे रेषा भेटल्या.
घरची सुरी दाराच्या पायरीवर घासून दिली. बायकोनं टोमॅटो कापून पाहिला आणि माझ्या हातावर तीस ठेवले. म्हटलं, आपलं पहिलं काम फुकट असतं. ती म्हणाली, पहिलं कसलं, सकाळपासून मालकांकडे किती पाती केलीत?
एकशे बारा.
पैसे घेतले.
दुकानाची एकूण जमा: तीस.